आठ रात्रींचं खत

रूपाच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघून घेऊ, म्हणजे पुढचा हिशोब चुकणार नाही. नावाच्या आधी डॉक्टर लागणार, हे तर उघडच होतं. त्याच्या मागोमाग लासूर स्टेशनच्या महाविद्यालयातली वनस्पतिशास्त्राची जागा येणार होती. तिथल्या संस्थेचे सचिव स्वतः म्हणाले होते, "पदवी घेऊन या मॅडम, खुर्ची पुसूनच ठेवलीय." खुर्चीपाठोपाठ उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत शांतता नांदणार होती, कारण तिची आई पारूबाई रोज भाकरी थापताना एकच प्रश्न विचारायची, "गवताचं शिक्षण असं किती वर्षं चालतं गं?" आणि वडील कडुबा, शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, दर रविवारी विहारात चारचौघांना सांगायचे, "पोरगी डॉक्टर होतीय." कुणी "कंच्या दवाखान्यात?" असं विचारलं की चष्मा पुसायला लागायचे. तो चष्माही जरा कमी झिजला असता.

या सगळ्यासाठी रूपाला फक्त एक हंगाम हवा होता. तिसरा. दोन तिच्या वहीत जमा होते.

रूपा जिथे पीएच.डी. करत होती, त्या संशोधन केंद्राचा मी भांडारपाल. पोरं मला स्टोअरकाका म्हणतात. केंद्रात एकच महागडा कॅमेरा आहे, अंधारातला कणभर उजेडही टिपणारा, आणि तो माझ्या नावावर चढवलेला आहे. त्यामुळे कॅमेरा जाईल तिथे मला जावं लागतं, नवरीच्या मागे करवली जाते तसं. त्या कॅमेऱ्यावर दोघांचा हक्क. दिवसा रूपाचा, रात्री प्रणयचा. प्रणय भौतिकशास्त्रातला, दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणारा. शहरातल्या दिव्यांमुळे त्याचं आकाश धुऊन निघतं, म्हणून तो रूपाच्या मागे लागून पठारावर यायचा. जीप एक, कॅमेरा एक, डबे तीन आणि मी.

पठार म्हैसमाळच्या अलीकडचं. वर नुसता कातळ, त्यावर बोटभर माती. त्या मातीत एका कोपऱ्यात, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, दवबिंदू उगवायचे. दवबिंदू म्हणजे रुपयाएवढं लाल झाड, जमिनीला चिकटलेलं. पानांवर केस, केसांच्या टोकाला डिंकाचा थेंब. चिलट भुललं की चिकटलं, आणि मग कडेचे केस आत वळून त्याला मधे ढकलतात. झाड हलतं, डोळ्यांदेखत हलतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो.

"काका, ते तुम्हाला नाही खाणार," रूपा म्हणाली होती. "गरीब आहे बिचारं. इथल्या मातीत काही नाही, म्हणून किडे खाऊन भागवतं. मातीत कस असता तर दुसऱ्या गवतानं याला कधीच दाबून टाकलं असतं. याची सगळी इस्टेट म्हणजे ही नापीक जमीन."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. जीपच्या सावलीत, पेरू खात. हे लक्षात ठेवा.

तिचं काम दिसायला पोरखेळ होतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खसखशीच्या दाण्याएवढा घ्यायचा, सुईच्या टोकाने केसावर ठेवायचा आणि केस वळायला किती सेकंद लागतात ते कॅमेऱ्यात धरायचं. असं चाळीस झाडांना, प्रत्येक झाडाला तीनदा. प्रश्न एवढाच, की ज्या वर्षी किडे कमी, त्या वर्षी झाडं जास्त चपळ होतात का? पहिल्या वर्षी किडे भरपूर होते, केस अकरा सेकंदांत वळले. दुसऱ्या वर्षी पावसाने ताण दिला, किडे निम्म्यावर आले, आणि केस सात सेकंदांत वळले.

"भूक माणसाला हुशार करते तशी झाडालाही करते, असं लिहिणार का तू?" मी विचारलं होतं.

"दोन वर्षांवर असं काही लिहिता येत नाही काका. सगळे योगायोग म्हणतील. तिसरं वर्ष जुळलं तर म्हणतील, बाईत दम आहे."

पठारावर आमचा चौथा भिडू मल्हारी. सत्तरीचा धनगर, दोनशे मेंढ्यांचा धनी. दवबिंदूंची जागा त्यानेच दाखवलेली. तो त्यांना चिकटी म्हणायचा. रूपाने रंगवलेल्या काड्या खोचून झाडांना नंबर दिले, तर हा रोज काठीने मेंढ्यांना तिथून वळवायचा आणि संध्याकाळी फोन करून हजेरी द्यायचा, "चाळीसच्या चाळीस हायेत बाय. सतरा नंबरनं आज डास धरलाय."

प्रणयशी त्याचं वेगळं गूळपीठ होतं. पावसाळा सरला की ऑक्टोबरात प्रणय दुर्बीण लावायचा, आणि मल्हारी घोंगडी पांघरून शेजारी उकिडवा.

"दिसला का रं तुमचा गिऱ्हा?"

"तो दिसत नसतो बाबा. ताऱ्याच्या समोरून गेला की ताऱ्याचा उजेड जराऽसा कमी होतो. शंभरातला एखादा भाग. त्यावरून समजायचं, आहे."

"मंजी चोर दिसला नाय, पर कंदिलाम्होरून कुनीतरी गेलं."

"अगदी तसंच."

"आन् लई लांब हाय व्हय?"

"उजेडाला तिथून इथं यायला साठेक वर्षं लागतात."

मल्हारीने बोटं मोजली, मग हसला. "मंजी ह्यो उजेड निगाला तवा मी शेंबडा व्हतो की! आन् आत्ता पोचला? आमच्या गावची एसटी बरी."

दुसऱ्या हंगामानंतर एक गोष्ट घडली. मल्हारीची बायको सारजाबाई दोन्ही डोळ्यांनी अधू झाली होती. भाकरीचं पीठ समजून राखेत हात घालायची. रूपाने तिला शहरात आणलं, घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, रांगेत उभी राहिली, ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री तिच्या खाटेशी बसली. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सारजाबाईने डोळे बारीक करून तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशीच हाईस व्हय तू? आवाजावरनं लई थोराड वाटली व्हतीस!" सगळा वॉर्ड हसला. पारूबाई डबा घेऊन आली होती, तिने लगेच हात धुऊन घेतला, "मीबी त्येच म्हन्ते माय, खाती काय नाय आन् झाडाला अंडी भरवती."

मल्हारी मात्र हसला नाही. दारात उभा राहून फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता. मला म्हणाला, "काका, ह्या पोरीचं मी काय करू? साडी दिली तर घेनार नाय. कोकरू दिलं तर उस्मानपुऱ्यात कुटं बांधल?"

मी म्हणालो, "काही करू नका. दवबिंदू सांभाळा, त्यातच सगळं आलं."

वाक्य साधं होतं. आम्हा लोकांना वाक्यं कुठे जाऊन पडतात ते समजत नाही.

मे महिन्यात मला मल्हारीचा फोन आला. रूपा तेव्हा एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होती, परीक्षांत अडकलेली.

"काका, पायथ्याच्या बागायतदाराचा सांगावा आलाय. कांद्याच्या रानात आठ रात्री मेंढ्या बसवायच्यात."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेरणीआधी शेतकरी धनगराला बोलावतो, मेंढ्या रात्रभर शेतात बसवतो, लेंडी-मुताने रान तरारून उठतं आणि त्या बदल्यात धनगराच्या घरी धान्य येतं. धनगराजवळ द्यायला यापेक्षा मोठं काही नसतं. जमिनीला तो जीव देतो.

"मग बसवा की," मी म्हणालो.

"नाय म्हन्लं मी त्याला. माझ्या मनात दुसरंच हाय. त्या चिकटीच्या तुकड्यावर आन् भवताली बसवतो म्हन्लं. आठच्या आठ रात्री. बी अजून मातीतच हाय, झाड कुटं हाय तुडवायला? त्या जिमिनीत कायबी नाय बगा, पोरगीच म्हनती. औंदा बगा कशी ताटाएवढी हुतील! पर पोरीला सांगू नगा. तिला अचंबा हुंद्या. बसवू ना?"

माझे वडील शेतकरी. आमच्या घरी शेणखताची गाडी आली की आई तिला हळदकुंकू लावायची. मी म्हणालो, "बसवा की. खताला कोण नाही म्हणतं?"

पेरू खाताना ऐकलेलं तेव्हा कुठे गेलं होतं, कोण जाणे.

त्या पावसाळ्यात रूपाने फोनवर झाडांचं विचारलं की मल्हारी एवढंच म्हणायचा, "येशील तवा बगशील." गणपती उठल्यावर आम्ही पठारावर गेलो. दरवर्षी याच सुमाराला झाडं रुपयाएवढी होतात. रूपाची नोंदणी एकतीस डिसेंबरला संपत होती. मोजणीला दहा दिवस, आकडेमोडीला महिना, लिहायला उरलेले दिवस, असं तिने वहीच्या पहिल्या पानावर मांडलं होतं. जीपमध्ये ती गात होती. सुरात नव्हती, पण गात होती.

मल्हारी वाटेवरच उभा. नवा सदरा घातलेला. सारजाबाईही आली होती, नव्या डोळ्यांनी कौतुक बघायला.

"चल पोरी, चल. बग तर काय झालंय!"

कोपरा हिरवागार होता. आजूबाजूला कातळ, मधे दोन खाटांएवढं गुडघाभर, काळपट हिरवं, गच्च गवत. वाऱ्यावर असं डुलत होतं की एखाद्या शेतकऱ्याचा ऊर भरून यावा. माझा आला होता, घटकाभर.

रूपा गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांनी गवत फाकवून मुळाशी पाहिलं. मग एक वीत पुढे सरकली, पुन्हा फाकवलं. असा तिने सगळा तुकडा पाहिला. सतरा नंबरची जुनी काडी तिच्या हाताला लागली, ती तिने जागेवर परत खोचली.

"औंदा चिकटी लाजलीय जरा," मल्हारी म्हणाला. "गवताच्या बुडी दडून बसलीय. घाई करू नगं. खालनं जोर हाय, येईल वर."

"कसला जोर, बाबा?"

मग त्याने सांगितलं. आठ रात्री. दोनशे मेंढ्या. बागायतदाराला नाही म्हटलं ते. जाळीचं कुंपण डोक्यावरून चढवून आणलं ते. "एक लेंडी बाहीर पडू दिली नाय, समदी हिकडं लोटली. ही म्हातारी सोता झाडून आत टाकीत व्हती, आता दिसतंय ना तिला." सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "आन् माझ्या मनानं नाय केलं बाय, काकांना इचारलं व्हतं. त्ये म्हन्ले, बसवा की."

रूपाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. प्रणय मात्र तोंड उघडून पुढे झाला, "अहो बाबा, तुम्ही तर त्यांना—"

"प्रणय," ती म्हणाली, "जीपमधून पाणी आण."

"रूपा, अगं पण—"

"पाणी आण म्हणते ना."

तो गेला. रूपा उठली, गुडघ्याची माती झटकली आणि मल्हारीचा हात दोन्ही हातांत घेतला. "लई कष्ट घेतले बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं कुणी नाही केलं."

ती खोटं बोलत नव्हती, हेच त्यातलं वाईट.

सारजाबाईने पिठलं आणलं होतं. आम्ही त्या हिरव्या तुकड्याच्या कडेला बसून जेवलो. रूपाने दोनदा मागून घेतलं. परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "काका, खतानं ते जगत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"नाही गं. लक्षातच आलं नाही."

"हं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. प्रणय पुटपुटला, "माझा ग्रह बरा. तिथपर्यंत कुणाला माया करायला जाता येत नाही." नेहमी अशा बोलण्यावर ती त्याला फटका मारायची. त्या दिवशी मारला नाही.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत सरांच्या खोलीत बसणं झालं. सर तिचे मार्गदर्शक, माणूस वाईट नाही, कागदाचा आहे. मी कॅमेरा परत केल्याची सही घ्यायला गेलो होतो आणि दाराशी रेंगाळलो.

"दोन वर्षांवर प्रबंध उभा राहत नाही, हे तुलाही माहीत आहे," सर म्हणाले. "पण वर्षभराची मुदतवाढ मिळते. कन्नडच्या बाजूला आणखी एक जागा आहे दवबिंदूंची, तिथली यंदाची झाडं सुकत आली, पुढच्या वर्षी तिथे कर. मी शिफारस देतो. फक्त कारण लागेल, आणि कारणाला कागद लागेल."

"कसला कागद, सर?"

"जमीन वनखात्याची आहे. पंचनामा करून घे. कुणाची जनावरं, किती, किती दिवस. दुर्मीळ वनस्पतीचं स्थळ नष्ट, असं लिहून आलं की समिती एका बैठकीत मंजूर करेल."

"त्यांचं काय होईल मग?"

"दंड होईल. पठारावर चराई बंद होईल बहुतेक. इतकी वर्षं गार्ड बघून न बघितल्यासारखं करत होता, आता करणार नाही." सरांनी चष्मा काढला. "रूपा, हे तू केलेलं नाहीस. त्यानं केलंय."

"त्यांनी कुणाला न विचारता केलं नाही, सर."

सर म्हणाले, "मग कुणाला विचारलं? केंद्रातल्या माणसानं परवानगी दिली असेल तर प्रश्नच मिटला. त्याचं लेखी द्या, चूक केंद्राची ठरेल, मुदतवाढ आपोआप मिळेल. त्या माणसाची चौकशी होईल, ते वेगळं."

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या नोकरीला दीड वर्ष उरलं होतं. धाकटीचं लग्न ठरलेलं, फंड अजून हातात यायचा होता. चौकशीचा माणूस निवृत्त झाला तर त्याच्या कागदांवर किती धूळ बसते, हे भांडारपालाला कुणी शिकवावं लागत नाही. चार शब्द होते. मी हो म्हणालो होतो. ते जिभेवर आणून मी मोजलेही.

रूपा माझ्याकडे वळली नाही. मुद्दाम वळली नाही. मला सवड दिली तिने, पंख्याची वीसेक घरघर होईल एवढी. मग म्हणाली, "आठवत नाही, सर. कारणाच्या रकान्यात अज्ञात लिहा."

"अज्ञातावर मुदतवाढ मिळत नाही."

"माहीत आहे."

सही घेऊन मी निघालो. जिन्यात माझे पाय हलके वाटले, आणि त्या हलकेपणाचीच मला लाज वाटली.

एकतीस डिसेंबर गुरुवारासारखा साधा वार होऊन गेला. लासूर स्टेशनची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. पारूबाईने भाकरी थापताना विचारणं सोडलं, ते मात्र रूपाला विचारण्यापेक्षा जड गेलं. कडुबा आता विहारात मागच्या रांगेत बसतात. मला एकदा गुलमंडीवर भेटले, म्हणाले, "पोरीच्या झाडांना रोग पडला म्हनं. कशाचा व्हता?" मी म्हणालो, "हवामानाचा."

रूपा उस्मानपुऱ्यातच एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मल्हारीचा फोन महिन्यातून एकदा येतोच. "झालीस का गं डागदर?" तो विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी समोरच होतो. ती म्हणाली, "झाले, बाबा." पलीकडे सारजाबाईला सांगितल्याचा, आणि ती ओरडून हसल्याचा आवाज आला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा विचारलं, औंदा परत बसवू का मेंढ्या. ती म्हणाली, "नको, आता त्या जमिनीचं पोट भरलंय." त्याला पटलं. मेंढ्या अजून पठारावर चरतात.

प्रणयचा ग्रह चार रात्रींत चार वेळा ताऱ्यासमोरून गेला. निबंध छापून आला. शेवटी आभार आहेत, त्यात माझंही नाव आहे.

मार्चात मी निवृत्त झालो. रूपा आली होती, माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

तर मांडून टाकतो. मल्हारीने आठ रात्रींचं धान्य दिलं आणि दिलेलं सार्थकी लागलं, या समजुतीत तो मरेल. दवबिंदूंनी होतं तेवढं सगळं दिलं. कडुबाने पहिली रांग दिली. रूपाने पाच वर्षं दिली, आणि वर एका म्हाताऱ्याची चराई आणि एका म्हाताऱ्याची पेन्शनही तिनेच भरली. त्यातल्या एकाला ते ठाऊक नाही. दुसऱ्याची पेन्शन दर महिन्याच्या एक तारखेला जमा होते, पूर्ण.